जुन्या भयपटाचे समीक्षास्वागत कसे तपासावे : 'कॅरी'चे उदाहरण

एखादा जुना भयपट दाखवताना फिल्म सोसायटीच्या पत्रकात 'समीक्षकांनी या चित्रपटाचे जोरदार स्वागत केले' असे वाक्य सवयीने लिहिले जाते. कोणत्या समीक्षकांनी, कोणत्या साली आणि चित्रपटातल्या नेमक्या कशाचे स्वागत केले, असे तीन प्रश्न विचारले की ते वाक्य बहुधा उभे राहत नाही. पुढील मार्गदर्शन अशा पत्रकासाठी, प्रदर्शनानंतरच्या चर्चेसाठी किंवा दीर्घ लेखासाठी टिपण काढणाऱ्यांकरिता आहे. उदाहरणादाखल ब्रायन डी पाल्मा यांचा १९७६ चा 'कॅरी' हा चित्रपट घेतला आहे. शाळकरी वयातला छळ आणि त्यातून उसळलेला सूड हा विषय पुढे कितीतरी भयपटांनी हाताळला, पण ज्याच्यावर अर्धशतकभर खंड न पडता लिहिले गेले असा चित्रपट हाच. ते लेखन क्रमाने वाचले तर ध्यानात येते, की प्रत्येक पिढीच्या समीक्षकांनी थोडा निराळाच 'कॅरी' पाहिला आहे. म्हणून या कामात समीक्षकांनी किती गुण दिले याहून ते कशाविषयी बोलत होते हे शोधणे अधिक मोलाचे ठरते.

आधी चित्रपट, मग परीक्षणे

परीक्षणे वाचण्यापूर्वी चित्रपट एकदा सलग पाहावा आणि त्यातले वादाचे प्रसंग स्वतःच्या शब्दांत लिहून ठेवावेत. हे केले नाही, तर वाचलेल्या पहिल्याच समीक्षकाच्या डोळ्यांनी आपण पुढचे सगळे पाहू लागतो. 'कॅरी'मध्ये असे प्रसंग चार आहेत.

पहिला प्रसंग सुरुवातीचाच, शाळेतल्या मुलींच्या न्हाणीघरातला. कॅरी व्हाइट या बुजऱ्या, एकाकी मुलीला तिथे पहिली पाळी येते. घरी तिला याविषयी कुणी काहीच सांगितलेले नसल्यामुळे आपण रक्तस्रावाने मरतो आहोत असे तिला वाटते, आणि वर्गातल्या मुली तिच्यावर पॅड फेकत तिची टर उडवतात. दुसरा प्रसंग प्रॉमचा, म्हणजे शाळेच्या निरोपाच्या नृत्यसमारंभाचा. सू स्नेल या मुलीला झाल्या प्रकाराचा पश्चात्ताप होतो आणि ती आपला मित्र टॉमी याला कॅरीला सोबत नेण्यास सांगते. उलट या छळाबद्दल शिक्षा झालेली क्रिस हार्गेन्सन डुकराच्या रक्ताने भरलेली बादली मंचाच्या वर टांगते. रक्त अंगावर पडते आणि कॅरीच्या अंगात असलेली, केवळ मनाच्या बळावर वस्तू हलवण्याची शक्ती सगळ्या सभागृहावर कोसळते. तिसरा प्रसंग घरी परतल्यावरचा : धर्मवेडी आई मुलीवर सुरी चालवते आणि स्वयंपाकघरातली हत्यारे उडून आईला दाराच्या चौकटीशी खिळवतात. चौथा प्रसंग अगदी शेवटचा, सूच्या स्वप्नाचा. त्याचे वर्णन पत्रकात कसे टाळावे याविषयी शेवटी लिहिले आहे.

या प्रसंगांची नोंद करताना काय घडते याबरोबरच ते कसे दाखवले आहे, हेही लिहावे. न्हाणीघराचे दृश्य संथगतीत, मृदू संगीतावर, जवळजवळ जाहिरातीतल्या स्वप्नासारखे सुरू होते आणि मग रक्त दिसते. प्रॉमच्या नृत्यात कॅमेरा जोडप्याभोवती वेगाने फिरत राहतो. बादली पडण्यापूर्वीची मिनिटे संथगतीने ताणली आहेत आणि संहाराच्या वेळी पडदा उभा दुभंगून दोन बाजूंना दोन दृश्ये चालतात. रक्त पडल्यावर कॅरीला सगळे सभागृह हसताना दिसते, पण ते खरोखर किती हसते आहे हे दिग्दर्शकाने मुद्दाम संदिग्ध ठेवले आहे : काचतुकड्यांच्या नळीतून पाहावे तशी हसऱ्या चेहऱ्यांची विखुरलेली प्रतिमा येते आणि वर आईचा इशारा घुमत राहतो. कॅरीची बाजू घेणाऱ्या, तिला धीर देणाऱ्या खेळशिक्षिका मिस कॉलिन्ससुद्धा त्या रात्री मरतात. हा सूड न्याय्य आहे की नाही, या पुढच्या सगळ्या वादाचे मूळ या एका मृत्यूत आहे. तेव्हा तो प्रसंग पुन्हा लावून पाहावा.

मग नोंदवहीच्या पहिल्या पानावर निर्विवाद माहिती लिहावी. स्टीफन किंग यांची पहिली प्रकाशित कादंबरी 'कॅरी' १९७४ मध्ये आली. पटकथा लॉरेन्स डी. कोहेन यांची, छायाचित्रण मारियो टोसी यांचे, संकलन पॉल हर्श यांचे, संगीत पिनो डोनाजियो यांचे. कॅरीच्या भूमिकेत सिसी स्पेसेक, तर आई मार्गारेटच्या भूमिकेत पायपर लॉरी. लॉरी 'द हसलर' या १९६१ च्या चित्रपटानंतर प्रथमच पडद्यावर परतत होत्या. युनायटेड आर्टिस्ट्सने हा चित्रपट नोव्हेंबर १९७६ मध्ये अमेरिकेत प्रदर्शित केला. खर्च सुमारे १८ लाख डॉलर होता आणि एकट्या अमेरिकेतला गल्ला ३ कोटी ३० लाख डॉलरच्या वर गेला. प्रेक्षकांचे स्वागत आणि समीक्षकांचे स्वागत या दोन स्वतंत्र गोष्टी असल्यामुळे हे आकडे इथेच, पहिल्या पानावर राहू द्यावेत. समीक्षेच्या परिच्छेदात गल्ल्याचा आकडा घुसला, की यश हेच गुणवत्तेचे प्रमाण असल्यासारखे वाचले जाते.

टक्केवारीचा मोह

आता परीक्षणांकडे वळताना बहुतेक जण आधी रॉटन टोमॅटोज हे परीक्षणे एकत्र करणारे संकेतस्थळ उघडतात. तिथे 'कॅरी'ची टक्केवारी ९० च्या वर आहे आणि त्यावरून '९० टक्के समीक्षकांना १९७६ मध्ये चित्रपट आवडला' असा निष्कर्ष सर्रास काढला जातो. तो दोन कारणांनी चुकीचा आहे. ते संकेतस्थळ १९९८ मध्ये सुरू झाले. तिथे गोळा झालेल्या परीक्षणांत प्रदर्शनाच्या आठवड्यात लिहिलेली थोडी आणि चित्रपट अभिजात ठरल्यानंतर, डीव्हीडी किंवा पुनःप्रदर्शनाच्या निमित्ताने लिहिलेली बरीच, अशी सरमिसळ आहे. ज्याला १९७६ मध्ये चित्रपट नापसंत होता त्याचे मत तिथे पोहोचलेच असेल असे नाही. उलट ज्याला तो आवडतो तोच पंचवीस वर्षांनी त्यावर पुन्हा लिहायला बसतो. दुसरे असे, की ही टक्केवारी म्हणजे अनुकूल परीक्षणांचे प्रमाण असते. 'ठीक आहे, बघायला हरकत नाही' असे म्हणणारा आणि भारावून गेलेला, दोघेही त्यात सारखेच मोजले जातात. आकडा द्यायचाच असेल तर तो कोणत्या वर्षी पाहिला ते लिहावे आणि त्याला आजच्या प्रतिष्ठेचा पुरावा मानावे, तत्कालीन स्वागताचा नव्हे.

खरे काम तारखांचे आहे. प्रत्येक परीक्षणासाठी वेगळे पान करून समीक्षकाचे नाव, नियतकालिक आणि पहिल्या छपाईची तारीख लिहावी आणि ती पाने कालक्रमाने लावावीत. जुनी परीक्षणे संकेतस्थळावर चढवताना खरी तारीख नोंदवली गेली नाही तर कधी कधी त्या वर्षाची १ जानेवारी ही तारीख छापली जाते. नोव्हेंबरमध्ये प्रदर्शित झालेल्या चित्रपटाचे परीक्षण त्याच वर्षीच्या जानेवारीतले दिसले तर ती लेखनिकी सोय आहे हे ओळखावे. शक्य तिथे पुस्तकरूप संग्रह पाहावा. पॉलीन केल यांचे 'कॅरी'वरील परीक्षण मुळात 'द न्यू यॉर्कर'मध्ये आले आणि पुढे त्यांच्या १९८० च्या 'व्हेन द लाइट्स गो डाउन' या संग्रहात समाविष्ट झाले. पुण्यातल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या ग्रंथालयात चित्रपटविषयक पुस्तके आणि जुनी नियतकालिके आहेत. इंटरनेटवर तुकड्यांत फिरणारी अवतरणे तिथे किंवा एखाद्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात मूळ मजकुराशी ताडून घेतली, तर निम्मी दुरुस्ती तिथेच होते.

समीक्षक कोण, हे कळल्याशिवाय त्याचे मत कळत नाही

प्रदर्शनाच्या काळातली परीक्षणे वाचताना अनुकूल आणि प्रतिकूल अशा दोन ढिगांत ती टाकण्याची घाई करू नये. 'शिकागो सन-टाइम्स'चे रॉजर ईबर्ट यांनी चित्रपटाला चारपैकी साडेतीन तारे दिले. पण त्यांच्या परीक्षणात टिपण्याजोगा भाग ताऱ्यांच्या पलीकडे आहे. इथले भय पात्रांच्या स्वभावातून उगवते, बाहेरून आणून चिकटवलेले नाही, असा त्यांचा मुद्दा आहे, आणि कॅरी त्यांना आपल्याच शाळेतल्या ओळखीच्या मुलांसारखी वाटते. याच शहरातले 'शिकागो ट्रिब्यून'चे जीन सिस्कल तितके प्रभावित झाले नाहीत. पुढे दूरचित्रवाणीवरच्या चर्चेमुळे ही जोडी अमेरिकेच्या घराघरांत पोहोचली, म्हणून त्यांच्यातला हा फरक नोंदवणे योग्यच आहे. मात्र तो फार ताणू नये.

पॉलीन केल आणि अँड्र्यू सॅरिस यांच्यातला फरक यापेक्षा कितीतरी खोल आहे आणि टिपणात त्याला भरपूर जागा द्यावी. केल यांना चित्रपट बेहद्द आवडला. एकाच वेळी घाबरवणारा आणि हसवणारा असा चित्रपट 'जॉज' या शार्कवरच्या थरारपटानंतर हाच, अशा आशयाचे त्यांनी लिहिले, आणि त्यातला खट्याळपणा, सवंग मालमसाल्यातून काव्य काढण्याची डी पाल्मा यांची हातोटी त्यांनी उचलून धरली. 'द व्हिलेज व्हॉइस'मध्ये सॅरिस यांनी मात्र कथेत घटनाच इतक्या थोड्या आहेत, की लांबी भरून काढण्यासाठी दोन मोठे प्रसंग संथगतीत दाखवले असावेत, असा टोला लगावला. दोघे एकाच तंत्राकडे पाहत आहेत. केल यांना जिथे भावनेचा फुगत जाणारा ताण दिसतो, तिथे सॅरिस यांना मापात घातलेली भर दिसते. या मतभेदाला इतिहास आहे. दिग्दर्शक हाच चित्रपटाचा खरा कर्ता, ही फ्रेंच समीक्षकांची भूमिका सॅरिस यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत मांडली आणि १९६३ मध्ये केल यांनी तिच्यावर प्रखर हल्ला चढवला. तेव्हापासून अमेरिकी चित्रपटसमीक्षेत या दोन नावांभोवती तट पडले होते. हे ठाऊक नसेल तर सॅरिस यांचे वाक्य निव्वळ तिरकसपणा वाटते. ठाऊक असेल तर एखाद्या दिग्दर्शकाची शैली केव्हा शैली ठरते आणि केव्हा नुसती करामत, हा जुनाच वाद इथे पुन्हा उकरला गेला आहे हे दिसते.

डी पाल्मा हे आल्फ्रेड हिचकॉक या दिग्दर्शकाची नक्कल करतात का, हा मुद्दा याच वादाला लागून येतो. चित्रपटातल्या शाळेचे नाव 'बेट्स हायस्कूल' आहे, म्हणजे हिचकॉकच्या 'सायको' या भयपटातले मुख्य पात्र नॉर्मन बेट्स याचे. कॅरीची शक्ती जागी होते तेव्हा व्हायोलिनची जी किंचाळी ऐकू येते, तीही 'सायको'चीच. त्या चित्रपटाचे संगीतकार बर्नार्ड हर्मन यांनी डी पाल्मा यांच्यासाठी आधी काम केले होते, पण डिसेंबर १९७५ मध्ये त्यांचे निधन झाले आणि 'कॅरी'चे संगीत डोनाजियो यांच्याकडे आले. एवढे जाणून घेतल्यावर 'नक्कल' आणि 'मानवंदना' हे दोन्ही शब्द परीक्षणांत कुठे कुठे येतात ते शोधावे. माझ्या मते नकलेचा आरोप करणाऱ्यांनी प्रॉमचा प्रसंग पुरेसा बारकाईने पाहिलेला नाही, कारण रक्त पडण्याआधी कॅरीच्या वाट्याला आलेली ती काही मिनिटे, तिचे खुललेले हसू आणि अविश्वासाने भरलेले डोळे, यांना हिचकॉकमध्ये पूर्वज सापडत नाही. टिपणात असे स्वतःचे मत जरूर असावे, फक्त ते समीक्षकांच्या मतांपासून वेगळे ओळखू यावे.

एक लहानसा, पण माझ्या दृष्टीने सगळ्यांत प्रामाणिक आवाज 'टेक वन' मासिकातल्या सुझन शेंकर यांचा आहे. या चित्रपटाने आपल्याला हवे तसे खेळवले, छाती धडधडेपर्यंत नेले, याचा आपल्याला राग आला आणि ते खरोखर जमले आहे याची लाजही वाटली, असे त्यांनी लिहिले. हे परीक्षण अनुकूल की प्रतिकूल, हे ठरवायला बसू नये. भयपटाची समीक्षा करताना शरीराने दिलेला प्रतिसाद आणि बुद्धीने दिलेला निकाल यांची फारकत होऊ शकते आणि चांगला समीक्षक ती लपवत नाही. टक्केवारीत असा समीक्षक कुठे बसतो, हे कुणी सांगू शकणार नाही.

पुरस्कारांविषयी थोडक्यात लिहिले तरी चालते. स्पेसेक आणि लॉरी या दोघींना ऑस्करची नामांकने मिळाली, अनुक्रमे प्रमुख आणि सहायक अभिनेत्री म्हणून. दोन्ही पुरस्कार 'नेटवर्क'कडे, म्हणजे फे डनवे आणि बिअट्रिस स्ट्रेट यांच्याकडे गेले. अमेरिकेच्या नॅशनल सोसायटी ऑफ फिल्म क्रिटिक्स या समीक्षकांच्याच संघटनेने मात्र स्पेसेक यांना त्या वर्षीची सर्वोत्तम अभिनेत्री ठरवले, आणि समीक्षास्वागताच्या दृष्टीने हा पुरस्कार ऑस्करच्या नामांकनापेक्षा अधिक बोलका आहे. फ्रान्समधल्या आव्होरियाझ महोत्सवात १९७७ मध्ये चित्रपटाला सर्वोच्च पारितोषिक मिळाले.

दुसरी फेरी : स्त्रीवादी वाचन

वर्तमानपत्री परीक्षणांचे काम संपले की पुष्कळ जण थांबतात, आणि नेमके तिथूनच 'कॅरी'चे प्रकरण रंगू लागते. लॉरा मल्वी यांचा, मुख्य प्रवाहातला चित्रपट स्त्रीकडे पुरुषाच्या नजरेने कसा पाहायला लावतो याविषयीचा प्रसिद्ध निबंध १९७५ मध्ये प्रकाशित झाला होता. 'कॅरी' त्यानंतर वर्षभराने आला आणि त्याची सुरुवातच मुलींच्या न्हाणीघरात डोकावणाऱ्या कॅमेऱ्याने होते. 'जंप कट' या डाव्या विचारांच्या नियतकालिकात सेराफिना बॅथ्रिक यांनी १९७७ मध्येच हा धागा पकडला आणि मुलीचे वयात येणे हीच भयाची वस्तू बनवली गेली आहे, असा आक्षेप घेतला. वर्तमानपत्रांतल्या बहुतेक पुरुष समीक्षकांनी ज्या दृश्याला धाडसी म्हटले असते, त्याच दृश्यावर हा आक्षेप आहे, हे आपल्या टिपणात शेजारी शेजारी दिसायला हवे.

किंग यांनी स्वतः १९८१ च्या 'डान्स मॅकाब्र' या भयसाहित्यावरील पुस्तकात आपल्या कथेविषयी दोन गोष्टी सांगितल्या आहेत. एक म्हणजे, स्त्रिया आपली शक्ती कशी शोधतात आणि पुरुष त्या शक्तीला का घाबरतात, याविषयीची ही कथा आहे. दुसरी म्हणजे, खेळाच्या तासाला ज्याची चड्डी कुणी खाली ओढली आहे किंवा ज्याच्या चष्म्याच्या काचांवर मुद्दाम अंगठे घासले गेले आहेत, अशा कोणत्याही विद्यार्थ्याला कॅरीचा सूड पटेल. ही दोन विधाने वेगवेगळ्या दिशांना जातात. पहिले स्त्रीविषयी आहे. दुसऱ्यातला विद्यार्थी सरळ सरळ मुलगा आहे. कॅरल क्लोव्हर यांनी १९९२ च्या 'मेन, विमेन अँड चेन सॉज' या पुस्तकाच्या सुरुवातीलाच हा दुसरा उल्लेख उचलला आणि विचारले, की पाळी आलेल्या, रक्ताने माखलेल्या मुलीशी मुलगे प्रेक्षक एकरूप होऊ शकतात, तर भयपटाचा प्रेक्षक फक्त क्रौर्याच्या बाजूने उभा असतो या समजुतीचे काय करायचे. लगेच १९९३ मध्ये बार्बरा क्रीड यांनी 'द मॉन्स्ट्रस-फेमिनिन' या पुस्तकात कॅरीवर चेटकीण या कल्पनेच्या अंगाने पूर्ण प्रकरण लिहिले. त्यांचा भर रक्तावर, किळसेवर आणि आई-मुलीच्या नात्यावर आहे. क्लोव्हर आणि क्रीड एकाच चित्रपटाचा एकाच दशकात, स्त्रीवादी भूमिकेतूनच विचार करतात आणि वेगळ्या ठिकाणी पोहोचतात. 'स्त्रीवाद्यांनी चित्रपटावर टीका केली' असे एकच वाक्य लिहून हे मिटवू नये.

मराठी वाचकासाठी लिहिताना इथे एक सावधगिरी बाळगावी लागते. मार्गारेटचे संवाद ऐकताना आपल्याला विटाळ, बाजूला बसणे, देवघराला न शिवणे हे सगळे आठवणे स्वाभाविक आहे आणि त्याचा उल्लेख करायला हरकत नाही. पण विटाळ ही अशुद्धीची कल्पना आहे. ती चार दिवसांनी संपते आणि तीत त्या बाईचा स्वतःचा अपराध मानलेला नसतो. मार्गारेटच्या कडव्या ख्रिस्ती समजुतीत रक्त हे ईव्हच्या पापाचे फळ आहे, म्हणजे मुलीने काहीतरी केले म्हणूनच ते आले. या फरकामुळेच तिच्या घरात प्रायश्चित्ताची अंधारी खोली आहे. दोन्हींची सांगड घालताना हा फरक पुसला गेला, तर अमेरिकी समीक्षक धर्माविषयी जे म्हणतात ते नीट उतरत नाही.

छळ हा विषय पुढे केव्हा आला

आज 'कॅरी'ची ओळख करून देताना 'शाळेतल्या छळावरचा भयपट' असेच म्हटले जाते. १९७६ च्या लेखनात मुलींच्या क्रौर्याची दखल जरूर आहे, पण ते क्रौर्य पौगंडावस्थेचा एक ओळखीचा भाग म्हणून येते. ज्यावर संशोधन करावे, धोरण आखावे असा स्वतंत्र सामाजिक प्रश्न म्हणून त्याकडे पाहिले जात नव्हते. शाळेतल्या छळाचा शास्त्रीय अभ्यास तेव्हा स्कँडिनेव्हियात नुकता सुरू होत होता. डॅन ओल्व्हेयस यांचे स्वीडिश पुस्तक १९७३ मध्ये आले आणि त्याची विस्तारित इंग्रजी आवृत्ती १९७८ मध्ये. म्हणजे चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा हे संशोधन अमेरिकी वाचकासमोर नव्हते. नंतरच्या परीक्षणांत 'बुलिंग', म्हणजे छळ, हा शब्द किती वेळा आणि कोणत्या अर्थाने येतो, ते आपल्या कालक्रमाच्या पानांवर खूण करून पाहावे. माझ्या मते समीक्षास्वागतात झालेला सर्वांत मोठा बदल तोच आहे.

या बदलाची एक कडी म्हणून कोलंबाइनचा उल्लेख करावा लागतो, पण तारखा सांभाळून. कोलोराडोतल्या त्या हायस्कूलमधले हत्याकांड २० एप्रिल १९९९ चे. 'द रेज : कॅरी २' हा पुढचा भाग त्याच वर्षी मार्चमध्ये प्रदर्शित झाला होता. त्यामुळे या चित्रपटाच्या पहिल्या परीक्षणांत हत्याकांडाची छाया शोधणे व्यर्थ आहे. त्यानंतरच्या कोणत्याही लेखनात मात्र अपमानित विद्यार्थी सभागृहाची दारे बंद करून सगळ्यांना मारतो, हे दृश्य निरागसपणे पाहणे कुणालाच शक्य राहिले नाही. मिस कॉलिन्स यांच्या मृत्यूविषयीचा प्रश्न इथे पुन्हा उभा राहतो : आपण टाळ्या वाजवत होतो त्या कुणासाठी?

आपल्याकडच्या वाचकाला हा विषय समजावताना रॅगिंगची उपमा हाताशी असते. महाराष्ट्राने १९९९ मध्ये रॅगिंगविरोधी कायदा केला आणि त्याभोवतीची चर्चा सर्वांना ठाऊक आहे. तरीही ही उपमा वापरू नये असे मी सुचवेन. रॅगिंगमध्ये सहसा ज्येष्ठ-कनिष्ठांची उतरंड आणि नव्या विद्यार्थ्याचा प्रवेशविधी असतो, तर कॅरीला छळणाऱ्या मुली तिच्याच वयाच्या, तिच्याच वर्गातल्या आहेत. या छळाला 'एक वर्ष सोस, मग सुटशील' असा शेवट नाही.

आवृत्त्यांची तुलना

'कॅरी'ची कथा रंगभूमीवरही गेली. १९८८ ची ब्रॉडवे संगीतिका अवघ्या पाच नियमित प्रयोगांनंतर बंद पडली आणि अपयशाचे मोजमाप म्हणून तिचे नाव घेतले जाऊ लागले. चित्रपटातल्या मिस कॉलिन्स, बेटी बकली, यांनी तिच्यात आईची भूमिका केली होती. २००२ मध्ये दूरचित्रवाणीपटही झाला. टिपणात या दोहोंना एकेक वाक्य पुरे.

किंबर्ली पीअर्स यांच्या २०१३ च्या चित्रपटाला मात्र वेळ द्यावा, कारण त्याच्या परीक्षणांतून मूळ चित्रपटाविषयीही बरेच कळते. क्लोई ग्रेस मोरेट्झ आणि जुलिअन मूर या त्यात मुलगी आणि आई आहेत. न्हाणीघरातला प्रसंग इथे मुली फोनवर चित्रित करून इंटरनेटवर टाकतात, आणि शिक्षिकेला कॅरी मुद्दाम वाचवते. समीक्षकांची मते जवळजवळ निम्मी निम्मी विभागली गेली. चित्रपट जुन्याच्या फार जवळ राहतो, मग तो काढायचाच कशाला, हा मुख्य आक्षेप होता. अभिनयाची वाखाणणी करणारेही हे म्हणतात. या परीक्षणांतला जो भाग १९७६ च्या चित्रपटाची स्तुती करतो, तो वेगळ्या पानावर उतरवावा. कारण तुलनेच्या ओघात केलेली स्तुती बहुधा मूळ चित्रपटाला त्याच्या काळी न मिळालेले एकमत परस्पर बहाल करते. जतन करण्याजोग्या चित्रपटांच्या अमेरिकेच्या राष्ट्रीय सूचीत 'कॅरी'चा समावेश २०२२ मध्ये झाला. सॅरिस यांच्या टोल्यापासून इथवरचा प्रवास आपल्या पानांवर सलग दिसत असेल, तर टिपण तयार झाले म्हणावे.

कादंबरीशी तुलना करणाऱ्या परीक्षणांविषयी एक सूचना. कादंबरी अहवाल, बातम्या, पुस्तकांतले उतारे अशा कागदपत्रांच्या रूपात रचली आहे, तिच्यातली कॅरी जाडसर आणि मुरुमांनी ग्रासलेली आहे आणि सूडाच्या रात्री सगळे गावच बेचिराख होते. हे स्वतः न पडताळता 'चित्रपटाने कादंबरी सौम्य केली' किंवा 'सुधारली' अशी विधाने उतरवू नयेत.

लिहिताना

टिपण लिहायला घेतल्यावर परिच्छेद समीक्षकांच्या नावांनुसार रचण्याऐवजी प्रसंगांनुसार रचावेत. न्हाणीघराच्या दृश्याविषयी बॅथ्रिक आणि क्रीड काय म्हणतात, संथगतीविषयी केल आणि सॅरिस काय म्हणतात, शिक्षिकेच्या मृत्यूविषयी आधी आणि नंतर काय लिहिले गेले, अशी मांडणी केली की वाचकाला चित्रपट डोळ्यांसमोर ठेवून मते तोलता येतात. समीक्षकाचे वाक्य मराठीत आणताना ते अवतरणचिन्हांत न टाकता 'अशा आशयाचे' म्हणून द्यावे. भाषांतर आपले असते आणि त्याची जबाबदारी समीक्षकावर टाकणे योग्य नव्हे. वर्ष प्रत्येक मताबरोबर लिहावे, तेच वर्ष पुन्हा आले तरी.

शेवटच्या प्रसंगाबाबत ईबर्ट यांचा कित्ता गिरवावा. शेवटी एक जबर धक्का आहे आणि त्या जातीचा धक्का 'जॉज'मधला मासा बोटीवर झेपावल्यानंतर बसला नव्हता, एवढेच त्यांनी सांगितले. धक्का कसला ते सांगितले नाही. प्रदर्शनापूर्वी वाटायच्या पत्रकात याहून अधिक लिहू नये, आणि मिस कॉलिन्स, आईचा मृत्यू व सू स्नेलची भूमिका यांची चर्चा करणारे दीर्घ टिपण दिवे लागल्यानंतर वाटावे.